भुलीच्या बिलातल्या तीन ओळी

माझा उजवा गुडघा बदलला तेव्हा मी टेबलावर पूर्ण वेळ जागा होतो, असं मी आजवर निदान पन्नास माणसांना सांगितलं असेल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांगितलं, केस कापताना सांगितलं, मेव्हण्याच्या मुलीच्या साखरपुड्यात पंगतीत बसून सांगितलं. हाडावर हातोडी कशी पडते, करवत कशी चालते, डॉक्टर आपसात काय बोलतात, सगळं. ऐकणाऱ्याचा घास हातातच राहायचा आणि मला फार बरं वाटायचं.

ते खरं नव्हतं. मी मुद्दाम खोटं बोलत नव्हतो, पण खरंही बोलत नव्हतो. आणि हे मला डॉक्टरांनी सांगितलं नाही, बायकोने नाही, पोटच्या मुलीनेही नाही. हॉस्पिटलच्या बिलाने सांगितलं. त्याला आता दोन महिने झाले, तरी तो धक्का अजून पुरता उतरलेला नाही. दुसऱ्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर आलं आहे, म्हणून लिहून ठेवतो.

दोन्ही

मी उरणकडच्या एका गावातला. वडिलांचं मिठागर होतं. लहानपणापासून उकिडवं बसून आणि फावडं ओढून गुडघ्यांची जी काय वाट लागायची ती तिथेच लागली असणार. पुढे न्हावा शेव्याला एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात लागलो आणि एकतीस वर्षं बिलं तपासली. कंटेनर ठरल्या दिवसांपेक्षा जास्त ठेवला की जहाज कंपनी दंड लावते. तो दंड बरोबर आहे का, हे मी गेटच्या नोंदी बघून काढायचो. आत कधी आला, बाहेर कधी गेला, मधले तास किती. माणसं काहीही सांगतात, गेटवरची वेळ खोटं सांगत नाही, असं मी ऑफिसात नव्या लोकांना ऐकवायचो. रिटायर झाल्यावर पनवेलमध्ये फ्लॅट घेतला. बायको सुनंदा आणि मी, दोघंच. मुलगी प्राची खारघरला दिली आहे, तळोज्याच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करते.

एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "काका, उजवा संपलाय. डावा संपत आलाय. दोन्ही बदलावे लागतील, एकेक करून."

साखर संपते, गॅस संपतो. गुडघा संपतो? मी जिना चढून त्यांच्याकडे गेलो होतो, हळूहळू का होईना. मी तसं म्हणालोही. ते हसले आणि त्यांनी फिल्म दिव्यावर धरून दाखवली. दोन हाडांच्या मध्ये जी फट असायला हवी ती नव्हतीच. बाहेर आल्यावर सुनंदा म्हणाली, "तुमी गप बसलाव म्हंजे खरोखरच कई तरी मोठा हाय." मग मी मुद्दाम रिक्षावाल्याशी भाड्यावरून वाद घातला, तिला धीर यावा म्हणून.

हॉस्पिटलने पॅकेज दिलं. खोली, ऑपरेशन, नवा सांधा, औषधं आणि कमरेखालची भूल, सगळं एका रकमेत. मेडिक्लेममध्ये ते जवळजवळ बसत होतं. मी पॅकेजचा कागद दोनदा वाचला आणि सही केली.

टेबल

ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवरचं घड्याळ मी आत गेल्या गेल्या पाहिलं. नऊ वीस. सवय जात नाही.

भूल देणाऱ्या डॉक्टर बाई ठेंगण्या, चष्मेवाल्या. वय प्राचीपेक्षा फार नसेल. म्हणाल्या, "काका, पाठ कोळंबीसारखी वाकवा." मी वाकवली. पाठीत थंडगार काहीतरी लागलं, मग सुई, मग पाय जड आणि मग पाय नाहीतच. मला भीती वाटत होती, ती मी बोलून घालवत होतो. त्या विचारत राहिल्या, मी मिठाबद्दल सांगत राहिलो. खाडीचं पाणी वाफ्यात कधी घ्यायचं, मीठ कधी धरतं, पाऊस अवेळी आला तर काय होतं. पडद्याच्या पलीकडे ठकठक सुरू झाली. माझ्याच हाडावर हातोडी पडत होती आणि मला काही होत नव्हतं, फक्त टेबल हलत होतं.

मग जरा मळमळलं. मी तसं म्हणालोसुद्धा. त्यानंतर डुलकी लागली असावी. डोळे उघडले तेव्हा आयसीयूत होतो आणि समोरच्या घड्याळात सव्वाएक वाजला होता.

खाट

घसा बसला होता. पाणी गिळवत नव्हतं. छातीच्या मधोमध कोणीतरी बुक्के मारल्यासारखं दुखत होतं, खोकलो की डोळ्यांत पाणी यायचं. मी विचारलं. प्राची म्हणाली, "एसी किती असतो आत, बाबा. सर्दी भरलीय." छातीचं काय, तर म्हणे एका कुशीवर झोपलात म्हणून. गुडघ्याच्या दुखण्यापुढे या गोष्टी किरकोळ होत्या, म्हणून मी सोडून दिल्या. आता वाटतं, जो माणूस एका दिवसाच्या दंडासाठी चार-चार पत्रं लिहायचा, त्याने स्वतःच्या छातीचा हिशेब असा कसा सोडला?

एक रात्र आयसीयूत ठेवतील असं पॅकेजमध्ये होतं. दोन ठेवलं. "रुटीन असतं," प्राची म्हणाली.

वॉर्डातले दिवस सगळ्यांचे असतात तसेच गेले. सकाळी सहाला रक्त, सातला चहा, नऊला फिजिओथेरपीवाली मुलगी. ती हसतमुखाने माझा पाय वाकवायची आणि मी तिच्या सात पिढ्या मनातल्या मनात काढायचो. एक आयाबाई होत्या, नेरे गावाकडच्या. तिसऱ्या दिवशी मी वॉकर धरून उभा राहीना तेव्हा त्या म्हणाल्या, "घाबरताव कनाला? पाय तुमचाच हाय, पडला तर तुमच्यावरच पडल." मला हसू आलं आणि हसताना मी पाऊल टाकून बसलो. त्या बाईंना मी अजून मनात नमस्कार करतो.

सुनंदा मात्र बदलली होती. लग्नाला अडतीस वर्षं झाली. माझ्या शब्दाला लगेच "बरं" म्हणणारी बायको मी पहिल्यांदाच बघत होतो. घरी आल्यावर मी बाथरूममध्ये गेलो की ती दाराबाहेर उभी राहायची. दुपारी डोळा लागला की ती येऊन माझ्या पोटावर हात ठेवायची आणि मी जागा झालो की चादर नीट करत असल्यासारखं करायची. मला वाटलं, आजारपणात माणसाची किंमत कळते. मी खूश होतो.

फॉर्म

तीन महिन्यांनी डाव्या गुडघ्याची वेळ आली. या वेळी प्राचीच्या घराजवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात करायचं ठरलं. खर्च कमी आणि तिला येणं-जाणं सोपं. तिथे एक लांबलचक फॉर्म दिला. इतर लोक नर्सला सांगून भरून घेत होते, मी माझ्या पेनाने भरला. एक प्रश्न होता: पूर्वी भूल देताना काही त्रास झाला होता का?

मी लिहिलं, नाही. शेजारी जागा होती म्हणून पुढे लिहिलं, पूर्ण वेळ जागा होतो.

सुनंदा बाजूलाच बसली होती. तिने पर्स उघडली, आत काहीतरी शोधलं, पर्स बंद केली.

काउंटरवर सांगितलं, मागच्या ऑपरेशनचे कागद घेऊन या, भुलीच्या डॉक्टरांना दाखवायला लागतील. घरी येऊन मी फाईल मागितली. सुनंदाने एक्स-रे दिले. डिस्चार्ज कार्ड म्हणे सापडत नाही. मी म्हटलं, निदान बिल तरी दे. बिल तिने दिलं. ते आकड्यांचे कागद, त्यात काय असणार, असं तिला वाटलं. अडतीस वर्षं माझ्याबरोबर राहूनही बिलात काय काय असतं हे तिला कळलं नाही, याचं मला पुढे हसूही आलं आणि रडूही.

बिल

मेडिक्लेमने पॅकेजची रक्कम आणि आयसीयूची जास्तीची रात्र भरली होती. वरचे बत्तीस हजार प्राचीने भरले होते आणि मला सांगितलंच नव्हतं. आता ज्यांना कामाला येईल त्यांच्यासाठी सांगतो. हॉस्पिटलचं पहिलं बिल एका पानाचं असतं आणि त्यावरून काही कळत नाही. सगळ्या बाबी सुट्या करून दाखवणारं बिल मागायचं, ते द्यावं लागतं. त्यात भुलीचे पैसे एका ठिकाणी नसतात. डॉक्टरांची फी एकीकडे, औषधं दुसरीकडे, नळ्या-सुया तिसरीकडे. तिन्ही जमवून मग पॅकेजच्या कागदाशी ताडून बघायचं.

मी तसंच केलं. पॅकेजमध्ये कमरेखालची भूल होती, ती बिलात होती. आणि त्याखेरीज तीन ओळी होत्या, मिळून बत्तीस हजारांच्या. पूर्ण भूल, एक तास पन्नास मिनिटं. दुसरे भूलतज्ज्ञ, तातडीचं बोलावणं. श्वासनलिकेत घालायची नळी, आठ नंबर.

मी उडालोच. पूर्ण भूल? कोणाला? मी जागा होतो! दुसरा डॉक्टर मी पाहिला नव्हता. नळी तर माझ्या घशात... छे. दुसऱ्या कोणाच्या तरी ऑपरेशनचा खर्च माझ्या नावावर चढवला होता, हे उघड होतं. असे प्रकार मी बंदरात ढिगाने पाहिले होते. एकाचा कंटेनर, दुसऱ्याला दंड. मी लाल पेनाने तिन्ही ओळींना गोल केले आणि कितीतरी दिवसांनी मला ऑफिसात असल्यासारखं वाटलं.

"उद्या जाऊन काढून घेतो," मी म्हणालो.

"सोडा ना," सुनंदा म्हणाली. "पैसं गेलं तं गेलं."

पाच रुपये जास्त घेतले म्हणून भाजीवाल्याकडे उन्हात परत जाणारी ही बाई! बत्तीस हजार सोडा म्हणते! तिथे तरी मला शंका यायला हवी होती. आली नाही. उलट मी तिला सुनावलं की असं सोडून देणाऱ्यांमुळेच हे लोक सोकावतात.

काउंटर

दुसऱ्या दिवशी काठी टेकत गेलो. सुनंदा बरोबर आली, नको म्हटलं तरी. बिलिंगला एक तरुण मुलगी होती. मी कागद पसरले आणि पॅकेज, वेळ, ओळी, सगळं मुद्देसूद मांडलं. "मॅडम, मी पूर्ण वेळ जागा होतो. हातोडी ऐकलीय मी. ही एक तास पन्नास मिनिटं कोणाची आहेत?"

"सर, सिस्टिममध्ये तसंच दिसतंय."

"सिस्टिम टेबलावर नव्हती. मी होतो."

मागच्या दोन-तीन माणसांनी माना डोलावल्या. ती आत गेली आणि मॅनेजरला घेऊन आली. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं, रांगेकडे पाहिलं. मी ग्राहक मंचाचं नाव घेतलं. त्यानंतर दहा मिनिटांत काम झालं. तिन्ही ओळी रद्द, पैसे खात्यात परत. रद्द करण्याचा एक छापील कागद असतो. त्यात कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, सेवा दिलेली नाही. त्यावर मी सही केली.

"फक्त अनेस्थेशियाच्या मॅडमची एक सही लागेल," ती म्हणाली. "त्यांची फी कट होतेय ना. बसा, बोलावते."

आम्ही बाकावर बसलो. मी इतका फुललो होतो की शेजारच्या माणसालाही माझी कहाणी सांगायला सुरुवात केली. सुनंदा पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

डॉक्टर बाई हिरव्या टोपीतच खाली आल्या. तो कागद त्यांनी वाचला. मग मला पाहून थबकल्या.

"मीठवाले काका," त्या म्हणाल्या. "कसे आहात?" आणि मग, "काका, पैसे राहू देत, हवं तर मी फी सोडते. पण मी दिलंच नाही असं नका लिहू. मी दिलंय."

"मी जागा होतो, मॅडम."

"सुरुवातीची चाळीस मिनिटं." त्यांनी नजर माझ्यावरून सुनंदाकडे वळवली. "तुम्हाला घरी कोणी सांगितलं नाही?"



दीड मिनिट

त्यांनी आम्हाला एका छोट्या खोलीत नेलं आणि माझी फाईल मागवली. भूल देताना ठेवतात तो तक्ता त्यात होता, चौकटीचौकटीचा कागद. नाडीची टिंबं एका रांगेत चालली होती. नऊ पंचवीस, नऊ तीस, पुढे पुढे. दहाच्या सुमाराला टिंबं खाली उतरू लागली, भराभर. मग एका ठिकाणी टिंब नव्हतं. तिथे पेनाने वेळ लिहिली होती, दहा वाजून चार मिनिटं. त्याच्यापुढे टिंब होतं, दीड मिनिटाने.

मी आयुष्यभर नोंदींमधल्या फटी शोधल्या. ती फट मला दिसली आणि कळलीसुद्धा, पण मी विचारलं, "इथे काय झालं?"

"तुमचं हृदय थांबलं होतं," त्या म्हणाल्या. "कमरेखालच्या भुलीत क्वचित नाडी एकदम मंद होते. तुमची थांबली. आम्ही छाती दाबली, औषध दिलं, घशात नळी घातली. शेजारच्या थिएटरमधून दुसऱ्या भूलतज्ज्ञ सरांना बोलावलं. गुडघा उघडा होता, तो पूर्ण करायलाच लागणार होता, म्हणून पुढे पूर्ण भूल दिली."

घसा, छाती, आयसीयूची दुसरी रात्र. सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं. मी मेलो होतो? मी तसंच विचारलं. त्या म्हणाल्या, "नाही काका, थांबला होतात. परत सुरू झालात." मला त्यातला फरक कळेना. आजही नीट कळत नाही.

मग त्या जे बोलल्या त्याने मला पहिल्यापेक्षा मोठा धक्का बसला. "दुसरा गुडघा करणार असाल तर भूल देणाऱ्याला हे आधीच सांगा. माहीत असलं की तयारी ठेवता येते. सुई देण्याआधीच औषध भरून ठेवता येतं, कदाचित ते दुसरीच भूल निवडतील. माहीत नसलं तर..."

माझ्या डोळ्यांपुढे तो फॉर्म आला. माझं अक्षर चांगलं आहे. ठळक, सुटं, कोणालाही वाचता येईल असं. नाही. पूर्ण वेळ जागा होतो.

बाहेर येऊन मी रद्द करण्याचा कागद परत मागितला आणि फाडला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, रिफंड प्रोसेस झालाय." मी म्हटलं, उलटा फिरवा. तिला वाटलं म्हातारा भ्रमला. बत्तीस हजारांची ती फी योग्य होती का, जास्त होती का, मला माहीत नाही. पॅकेजवाल्यांनी अशा वेळी काय लावतात हे आधी लिहून द्यायला हवं, आणि पेशंट शुद्धीवर आला की डॉक्टरांनी त्यालाच सांगायला हवं, नातेवाइकांवर सोपवून मोकळं होऊ नये. हे मी त्यांच्या मॅनेजरला लेखी दिलं आहे. पण त्या तीन ओळी माझ्या होत्या.

घर

घरी आल्यावर बोललो. काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. प्राचीला फोन लावला, तिलाही झाडलं. ती रडत म्हणाली, "बाबा, आईने शपथ घातली होती. कार्ड माझ्याकडे आहे. भुलीच्या डॉक्टरांना मी आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगणार होते."

"आणि विसरली असतीस तर? त्या दिवशी दुसराच डॉक्टर असता तर?"

मी फोन ठेवला.

सुनंदा ओट्याशी पाठमोरी उभी होती. शेवटी बोलली. "तुमच्या दादाचा काय झाला, इसरलाव?"

माझा थोरला भाऊ. त्याला डॉक्टरांनी सांगितलं, हृदय अर्धंच काम करतंय. त्या दिवसापासून तो ओटीवरून उतरला नाही. शेतावर गेला नाही, लग्नाकार्याला गेला नाही, मोठ्याने हसलाही नाही. नाडीवर बोट ठेवून बसायचा. सहा महिन्यांत गेला. आमच्याकडे सगळे म्हणतात, धसक्याने गेला. सांगितलंच नसतं तर दहा वर्षं जगला असता. तेव्हापासून आमच्या घरात आजाऱ्याला वाईट सांगायचं नाही, असं जणू ठरलंच आहे. माझ्या आईलाही आम्ही शेवटपर्यंत 'गॅसेस' सांगितले. मी स्वतः सांगितले.

"तुमी पण बोट ठेवून बसाल, असा वाटला मना," ती म्हणाली. "मना तुमी पयल्यासारखे भांडताना पायजे होताव."

मी म्हटलं, "मी टेबलावर पुन्हा थांबलो असतो तर?"

हा विचार तिने केला नव्हता असं नाही. रोज दुपारी केला होता, पोटावर हात ठेवून.

खरं सांगतो, त्यानंतर चार दिवस मीही बोट ठेवून बसलो. पाचव्या दिवशी कंटाळा आला.

तपासणी

गेल्या आठवड्यात ट्रस्टच्या हॉस्पिटलात नंबर लागला आणि भुलीच्या आधीची तपासणी झाली. मी फॉर्म बदलून घेतला, तक्त्याची प्रत आणि बिलाची प्रत जोडली. तुमचं ऑपरेशन झालं असेल तर तो तक्ता मागा. भुलीचा तक्ता म्हटलं की देतात, थोडी कटकट करतात. बिलात जी बाब समजत नाही तिच्यावर चूक म्हणून फुली मारण्याआधी ती कशासाठी लावली हे विचारा. आणि घरातल्या माणसांनी डॉक्टरांसमोर पेशंटच्या वतीने "नाही नाही, काही त्रास नाही" म्हणू नये. आपल्याकडे सगळे तसंच करतात. मीही केलं आहे.

इथले भुलीचे डॉक्टर पन्नाशीचे, शांत. त्यांनी तक्ता बारकाईने पाहिला. "दीड मिनिट," मी म्हणालो. आता मी हेही सवयीने सांगू लागलो होतो, हातोडीसारखं. "फक्त दीड मिनिट."

"मळमळ आधी झाली होती?"

"हो."

"आणि नातेवाइकांना केव्हा कळवलं? संमतीची सही कोणाची आहे?"

"हिची," मी म्हणालो आणि थांबलो. फाईलमधल्या संमतीपत्रावर तिची सही आहे हे मला माहीत होतं. ती कशी झाली हे मी विचारलंच नव्हतं.

डॉक्टर सुनंदाकडे वळले. "तुम्ही सांगा."

तिने पदर सारखा केला. "मी बाहेर बसली होती. पोरगी कँटिनला गेलती. एक सिस्टर धावत आली. म्हनाली, हार्ट बंद पडलाय, प्रयत्न चालू हायत, हितं सही करा. मी केली. ती धावत आत गेली."

"मग?"

"मग दरवाजा बंद."

"पुन्हा बाहेर कोण आलं? किती वेळाने?"

"भिंतीला घड्याळ होता," सुनंदा म्हणाली. "पन्नास मिन्टां. कोन नाय आला."

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, टेबलावरच्या त्या चौकटीच्या कागदाकडे बघत होती. त्यावर पन्नास मिनिटांची नोंद कुठेच नव्हती. मी खुर्ची सरकवून तिच्या जवळ घेतली आणि तिचा हात धरला. चारचौघांत मी तो कधी धरला नव्हता.

"सांग," मी म्हणालो. "पहिल्यापासून सांग. मला पण ऐकायचंय."